स्टेंटनंतरचा सोमवार

अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला घरी सोडताना मिळालेलं डिस्चार्ज कार्ड एकदा नीट वाचून पाहा. कुठल्या रक्तवाहिनीत किती टक्के अडथळा होता, किती मिलिमीटरचा स्टेंट बसवला, गोळ्या कोणत्या, पुन्हा दाखवायला कधी यायचं, हे सगळं त्यात असतं. मीठ कमी, तेल कमी, तंबाखू बंद, हेही असतं. कामावर कधी जायचं, ही ओळ मात्र बहुतेक कार्डांवर सापडत नाही. आणि घरचा कर्ता माणूस शुद्धीवर आल्यापासून मनातल्या मनात सगळ्यात आधी तोच हिशेब मांडत असतो. डॉक्टरांना विचारलं की "थोडा आराम करा, मग बघू" असं उत्तर येतं. थोडा म्हणजे किती आणि मग बघायचं ते काय, हे पुढे शेजारी, मेहुणे आणि व्हॉट्सअ‍ॅप सांगतात.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त बोचतो, कारण आपल्याकडे हा आजार लवकर येतो. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचं मध्यक वय ५३ निघालं. इतर देशांत ते ५९च्या आसपास होतं. त्रेपन्नाव्या वर्षी घराचे हप्ते चालू असतात, धाकट्याचं शिक्षण व्हायचं असतं, निवृत्ती अजून काही वर्षं लांब असते. ज्यांच्या आयुष्यात निवृत्ती नावाची गोष्टच नाही, त्या रिक्षावाल्याचं आणि भाजीवालीचं तर विचारायलाच नको.

ढोबळ उत्तर आधीच देऊन टाकतो. झटका न येता, तारीख ठरवून, मनगटातून अँजिओप्लास्टी झाली असेल आणि काम टेबलावरचं असेल, तर बहुतेकांना आठवडाभरात कामावर जाता येतं. झटका येऊन गेला असेल तर हृदयाच्या स्नायूला किती इजा झाली त्यानुसार दोन ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. बायपासनंतर बैठ्या कामाला सहा ते आठ आठवडे, अंगमेहनतीच्या कामाला तीन महिने तरी. आपल्या बाबतीत नेमकं किती, हे अर्थातच आपल्या डॉक्टरांनी सांगायचं.

ही उत्तरं बरोबर आहेत, पण अपुरी आहेत. एकाच आठवड्यात, एकाच रुग्णालयात, सारखाच स्टेंट बसवलेले दोघं घ्या. एक जण पंधरा दिवसांत दुकानाचं शटर वर करतो, दुसरा वर्षभर गॅलरीतल्या खुर्चीत बसून राहतो. दोघांच्या अँजिओग्राफीच्या सीडी शेजारी शेजारी लावून पाहिल्या तरी हा फरक सापडेलच असं नाही. तो कुठे असतो, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

सहा आठवडे पाठीवर

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला चार ते सहा आठवडे पलंगावरून हलू देत नसत. कूस बदलायची तर परिचारिकेने बदलायची, घास भरवायचाही तिनेच. हृदयाला झालेली जखम भरायच्या आत ताण पडला तर ती फाटेल, ही त्यामागची भीती. त्या सक्तीच्या आरामाने पायात रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुफ्फुसात जाऊन अडकत, न्यूमोनिया होई. यातून वाचलेला माणूस उठून उभा राही तेव्हा त्याच्या पायात बळ नसे आणि मनात उभारी नसे.

बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात सॅम्युएल लेव्हाइन यांनी हे मोडलं. त्यांनी आणि बर्नार्ड लाऊन या तरुण सहकाऱ्याने ८१ रुग्णांना लवकरच पलंगावरून उतरवून आरामखुर्चीत बसवलं आणि १९५२ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांचा तर्क साधा होता. आडवं पडलेलं असताना पायांकडचं रक्त हृदयाकडे जास्त परततं, बसल्यावर ते कमी होतं, म्हणजे बसण्याने हृदयावरचा भार उलट हलका होतो. सहकारी डॉक्टर घाबरले होते. रुग्ण मात्र खुर्चीत दगावले नाहीत; त्यांचे चेहरे उजळले. (हेच लाऊन पुढे अण्वस्त्रविरोधी डॉक्टरांच्या ज्या संघटनेचे सहसंस्थापक झाले, तिला १९८५चा शांततेचा नोबेल मिळाला.)

तीन वर्षांनी, सप्टेंबर १९५५मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना डेन्व्हर इथे झटका आला. त्यांचे हृदयतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट पत्रकारांसमोर बसून आजाराबद्दल मोकळेपणाने बोलत आणि हृदयरोग्याने पुन्हा कामाला लागावं असं त्यांचं ठाम मत होतं. आयसेनहॉवर पुढच्याच वर्षी निवडणुकीला उभे राहिले, जिंकले आणि दुसरा कार्यकाळ पूर्ण केला. तेव्हा स्टेंट नव्हता आणि बायपासही नव्हती. क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो यांनी पायातली शीर वापरून बायपास केली ती १९६७ साली. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिकमध्ये फुग्याने पहिली अँजिओप्लास्टी केली ती १६ सप्टेंबर १९७७ला. रुग्ण होता विमा विकणारा ३८ वर्षांचा माणूस. दहा वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हाही त्याच्या रक्तवाहिनीतली ती जागा उघडीच होती.

उपचार इतके पुढे गेले, पण आपली घरं अजून १९५०मध्येच आहेत असं मला वाटतं. "अहो, राहू द्या, मी घेते ते." "बाबा, तुम्ही खाली उतरू नका, मी आणतो दूध." पहिल्या आठवड्यात हे प्रेमाचं बोलणं असतं. चौथ्या महिन्यातही तेच चालू राहिलं की ते ऐकणाऱ्याला आपण आता कायमचे मोडलो, हे पटायला लागतं.

नळ साफ झाला, पुढे?

रक्तवाहिनी म्हणजे नळ, त्यात गाळ साचला, डॉक्टरांनी तो काढला, पाणी सुरू झालं. रुग्णालयातल्या पोस्टरपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळीकडे हेच चित्र सांगितलं जातं. झटका चालू असताना, म्हणजे वाहिनी अचानक पूर्ण बंद झालेली असताना, ते बरंचसं खरंही आहे. त्या वेळी तासाभराच्या उशिरानेही स्नायू मरतो आणि तातडीची अँजिओप्लास्टी जीव वाचवते. स्थिर आजारात मात्र, म्हणजे जिना चढताना छातीत कळ येते आणि थांबलं की जाते अशा वेळी, हे चित्र दिशाभूल करतं.

२००७ साली 'करेज' या चाचणीचे निकाल आले. २,२८७ स्थिर रुग्णांत एका गटाला उत्तम औषधं दिली, दुसऱ्याला औषधं आणि शिवाय अँजिओप्लास्टी. मृत्यू आणि झटके दोन्ही गटांत जवळपास सारखे. कळ मात्र अँजिओप्लास्टीच्या गटात लवकर कमी झाली, आणि तीनेक वर्षांत हाही फरक पुसट झाला. २०१७मध्ये लंडनच्या रशा अल-लामी यांच्या गटाने 'ऑर्बिटा' या चाचणीत आणखी धाडस केलं. २०० रुग्णांपैकी निम्म्यांवर खरी अँजिओप्लास्टी केली आणि बाकीच्यांवर नुसता देखावा. गुंगी दिली, कानाला हेडफोन लावले, तार आत घातली, पण स्टेंट बसवला नाही. कोणावर काय झालं हे रुग्णाला कळू दिलं नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर दोन्ही गटांच्या चालण्यात ठाम म्हणावा असा फरक निघाला नाही. हे सगळे रुग्ण भरपूर औषधांवर होते. २०२३च्या दुसऱ्या 'ऑर्बिटा'त कळ थांबवणारी औषधं बंद ठेवून तपासलं, तेव्हा स्टेंटचा फायदा स्पष्ट दिसला. तरीही बऱ्याच जणांची कळ पूर्णपणे गेली नव्हती.

३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांच्या 'इस्किमिया' या चाचणीतून यातला सगळ्यात कामाचा धडा मिळतो. ज्यांना रोज किंवा दर आठवड्याला कळ येत होती, त्यांचं जगणं प्रक्रियेनंतर ठळकपणे सुधारलं. ज्यांना कळ येतच नव्हती, त्यांच्या जगण्यात फरक पडला नाही. नसलेलं दुखणं कमी कसं होणार?

जगणं सुधारलं, हे मोजलं कसं, असं कोणी विचारील. त्यासाठी प्रश्नावली असते. सिएटलच्या जॉन स्पर्टस यांनी १९९०च्या दशकात केलेली १९ प्रश्नांची प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. कपडे घालताना त्रास होतो का, न थांबता जिना चढता येतो का, जड वस्तू उचलता येते का, महिन्याभरात किती वेळा कळ आली, असे प्रश्न. त्यात एक प्रश्न असाही आहे, की आपल्याला झटका येईल किंवा अचानक मरण येईल अशी काळजी किती वेळा वाटते. शून्य ते शंभर असे गुण मिळतात. मांडी घालून जेवायला बसणं आणि आधाराशिवाय उठणं, देशी संडासात उकिडवं बसणं, या गोष्टी त्या यादीत नाहीत. सिएटलमध्ये त्या कोणाला सुचणार? पण आपल्याकडे बायपास झालेल्या माणसाला पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त छळतात त्या याच.

बायपास आणि अँजिओप्लास्टी यांची तुलना याच मापाने केली तर चित्र काळानुसार बदलतं. पहिल्या महिन्यात अँजिओप्लास्टीवाला कितीतरी पुढे असतो, कारण त्याच्या मनगटावर फक्त एक टोचल्याची खूण असते. बायपासवाला खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरतो, ज्या पायातली शीर काढली तो पाय सुजलेला असतो, झोप तुटक असते. सहा महिने ते वर्षभरात दोघं बरोबरीला येतात, आणि अनेक वाहिन्यांचा आजार असेल तर पुढे कळ कमी असण्यात बायपासवालाच किंचित सरस ठरतो. अनेक वाहिन्यांत अडथळे असलेल्या मधुमेहींमध्ये तर बायपासने आयुष्यही वाढतं, असं 'फ्रीडम' या चाचणीत दिसलं. म्हणून फक्त "लवकर कामावर जाता येईल" एवढ्यावर स्टेंट निवडू नये.

टेबल हलकं, प्रवास जड

कामाला जाता येईल का, हा प्रश्न मोजून सोडवता येतो, आणि याची माहिती फार थोड्यांना असते. स्वस्थ बसलेलं असताना शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलीटर प्राणवायू वापरतं. याला १ मेट म्हणतात. टेबलावरचं काम साधारण दीड मेट. सपाट रस्त्यावर बऱ्यापैकी वेगाने चालणं साडेतीनच्या आसपास. केर काढणं तीनहून थोडं जास्त, हाताने कपडे धुणं चार. सावकाश जिना चढणं चार, धावत चढणं आठच्या पुढे. कुदळ-फावड्याचं काम पाच ते आठ. ओझं घेऊन जिना चढणं सात-आठ किंवा त्याहून जास्त.

आता दुसरी बाजू. ट्रेडमिलवरच्या तणाव चाचणीत, म्हणजे टीएमटीत, रॉबर्ट ब्रूस यांनी १९६०च्या दशकात सिएटलमध्येच आखलेली पद्धत बहुतेक ठिकाणी वापरतात. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. पहिला टप्पा पार केला म्हणजे जवळपास पाच मेट, दुसरा सात, तिसरा दहा. सर्वसाधारण नियम असा, की आठ तासांच्या कामाची सरासरी आपल्या कमाल ताकदीच्या ४० टक्क्यांच्या आत राहावी आणि मधले जोराचे क्षण ८० टक्क्यांच्या आत. ज्याची ताकद सात मेट भरली, त्याला दिवसभर पावणेतीन मेटचं काम आणि मधूनमधून साडेपाचपर्यंतचा जोर झेपतो. कारकुनाला, शिक्षकाला, दुकानदाराला एवढं पुष्कळ झालं.

मुंबईच्या कारकुनाचं गणित मात्र इथे फसतं. त्याचं टेबल दीड मेटचं असतं, पण त्या टेबलापर्यंत पोहोचायला विरार ते चर्चगेट असा प्रवास असतो. पुलाचा जिना चढायचा, सुटणाऱ्या गाडीमागे धावायचं, दांडीला एका हाताने लोंबकळायचं, आणि गर्दीचा रेटा छातीवर घ्यायचा. बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापून पुन्हा पोलादी तारांनी बांधलेलं असतं. ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण घट्ट व्हायला तीन महिने. अशा छातीवर सकाळच्या लोकलची गर्दी झेलणं वेडेपणाचं आहे. तेव्हा रजा वाढवण्यापेक्षा वेळ बदलून मागणं शहाणपणाचं: अकराची गाडी, दुपारी लवकर परत, आठवड्यातून दोन दिवस घरून. साहेबांना वैद्यकीय कारण सांगताना "ऑफिसचं काम झेपतं, गर्दी झेपत नाही" असं नेमकं सांगावं. मोघम अर्जाला मोघमच उत्तर मिळतं.

मेटच्या तक्त्याच्याही मर्यादा आहेत. तेवढाच प्राणवायू लागणारं काम पायांऐवजी हातांनी केलं तर हृदयाचे ठोके आणि रक्तदाब जास्त चढतात. हात डोक्याच्या वर नेऊन केलेल्या कामाने, म्हणजे रंगाऱ्याच्या, वायरमनच्या कामाने, आणखीच. श्वास रोखून जड वस्तू उचलताना रक्तदाब एकदम उसळतो. उन्हाळ्यात त्वचा थंड ठेवायला रक्त बाहेरच्या बाजूला वळवावं लागतं, म्हणून चंद्रपूरच्या मे महिन्यात तीच कुदळ डिसेंबरपेक्षा हृदयाला महाग पडते. भरल्या पोटी लगेच जोर करणंही तसंच.

बायपास झालेल्या माथाडी कामगाराचं उदाहरण घ्या. १९६९च्या माथाडी कायद्याने महाराष्ट्रात या कष्टकऱ्यांना मंडळ, हजेरी, भविष्यनिधी दिला. देशात तेव्हा असं क्वचितच होतं. पण पाठीवरचं पोतं जडच राहिलं. हृदयाची पंपाची ताकद, जिला इको तपासणीत 'ईएफ' म्हणतात, ती चांगली असेल, टीएमटी दहा मेटपर्यंत गेली असेल आणि हाड जुळलेलं असेल, तर तीन-चार महिन्यांनी तो टप्प्याटप्प्याने कामावर जाऊही शकतो. ईएफ ५५ टक्क्यांहून जास्त असणं साधारणपणे निरोगी समजतात. ती ३५वर आली असेल तर पोतं विसरावंच लागतं. मग टोळीतच मोजमापाचं, हिशेबाचं, हातगाडीच्या नोंदीचं काम मिळेल का, हे मुकादमाशी बोलून ठरतं. त्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीपेक्षा टोळीतल्या माणसांच्या भलेपणाचा वाटा मोठा असतो, हे खेदाने म्हणावं लागतं.

आणि आता त्या कामाबद्दल, जे कुठल्याच तक्त्याच्या 'नोकरी' या रकान्यात येत नाही. बायपास झालेली बाई घरी येते तेव्हा तिच्या कामावर परतण्याची तारीख कोणी ठरवत नाही, कारण ती घरीच असते. पाहुणे भेटायला येतात आणि चहा तीच टाकते. पहिले सहा-आठ आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नका, असं सांगितलेलं असतं. दहा लिटरची कळशी भरली की दहा किलोच्या वर जाते. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, आणि लोखंडासकट तो तीस किलोच्या घरात. चार माणसांची कणीक तिंबताना दोन्ही हातांचा भार थेट छातीच्या हाडावर येतो. नातवाला कडेवर घेणं, ओल्या चादरी पिळणं, माळ्यावरचा डबा काढणं, सगळंच मर्यादेबाहेरचं. कामावर परतण्याचे अभ्यास पगारी माणसांचे असतात, त्यामुळे ही बाई कितव्या दिवशी कामाला लागली याची नोंद कुठेच होत नाही. माझा सल्ला असा, की घरी न्यायला आलेल्या मुलाला आणि सुनेला बसवून ही कामं एकेक करून नावानिशी सांगावीत. "आईला आराम द्या" म्हटलं की सगळे मान डोलावतात आणि संध्याकाळी कणीक तिच्याच पुढ्यात असते.

हृदयाचं चित्र

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या कीथ पेट्री या मानसशास्त्रज्ञाने झटका आलेल्या रुग्णांना रुग्णालयातच विचारलं: हा आजार किती दिवस चालेल असं वाटतं? त्याने आयुष्यात किती उलथापालथ होईल? ज्यांना वाटलं की हे फार दिवस चालणार नाही आणि फार बिघडणार नाही, ते सहा आठवड्यांत कामावर परतण्याची शक्यता जास्त होती. १९९६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं.

पुढे त्याच गटाने रुग्णांना कागद-पेन्सिल देऊन स्वतःच्या हृदयाचं चित्र काढायला सांगितलं. झटक्याने कुठे इजा झाली तेही दाखवा, म्हणाले. कोणी एक छोटा ठिपका काढला, कोणी अर्धं हृदय काळं केलं. तीन महिन्यांनी पाहिलं तर ज्यांनी जास्त इजा रंगवली होती ते कामावर उशिरा परतत होते. स्नायूची खरी इजा किती हे रक्ताच्या तपासणीतून कळतं. पण बरं होण्याचा अंदाज त्या तपासणीपेक्षा पेन्सिलीच्या चित्राने जास्त चांगला दिला. आणखी एका चाचणीत याच गटाने रुग्णालयातच मानसशास्त्रज्ञाकडून काही बैठका घेतल्या, गैरसमज एकेक करून काढले, पुढचे दिवस आखून दिले. ६५ रुग्णांच्या त्या चाचणीत ज्यांना या बैठका मिळाल्या ते लवकर कामावर गेले आणि त्यांना छातीतल्या कळीचा त्रासही कमी राहिला. एकही गोळी न वाढवता.

मला या सगळ्या विषयातलं हे सगळ्यात मोलाचं संशोधन वाटतं. आपल्याकडचे गैरसमज काढायला फार लांब जावं लागत नाही. जोरात खोकलं तर स्टेंटची स्प्रिंग सरकेल. (सरकत नाही, फुग्याने ती भिंतीत दाबून बसवलेली असते आणि काही आठवड्यांत तिच्यावर आतलं अस्तर चढतं.) स्टेंटची मुदत पाच वर्षं. (त्याला मुदत नसते.) एमआरआय कधीच काढता येणार नाही. (आजचे स्टेंट त्याला अडसर ठरत नाहीत.) नवरा-बायकोचे संबंध आता बंद. (त्याला तीन ते पाच मेट लागतात, दोन मजले न थांबता, कळ न येता चढता आले तर बहुतेकांना परवानगी असते.) हा शेवटचा प्रश्न रुग्ण विचारत नाही आणि डॉक्टर काढत नाहीत, आणि त्या गप्प राहण्याने जगण्याची प्रत जितकी उतरते तितकी जिना चढताना लागणाऱ्या धापेनेही उतरत नसेल.

गोळ्यांचीही भूतं होतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या टिकाग्रेलॉरने काहींना मधूनच दम लागल्यासारखं वाटतं. हृदय बिघडलं म्हणून माणूस हबकतो, पण तो त्या औषधाचा ठाऊक असलेला परिणाम असतो. ठोके मंद ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकरने थकवा येतो, हात गार पडतात. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात. असं झालं तर डॉक्टरांना सांगावं, गोळी बदलता येते. स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नये. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या सहसा सहा महिने ते वर्षभर चालतात, आणि त्या अर्धवट सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेततं. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करावा.

झटका किंवा बायपासनंतर साधारण पाचांतल्या एकाला खरंखुरं नैराश्य येतं. आपल्याकडे ते "चिडचिडे झालेत" किंवा "देवाधर्मात मन लागत नाही" अशा शब्दांत बोललं जातं. गेले दोन आठवडे कशातच रस वाटत नाही आणि मन खिन्न आहे, या दोन्हींचं उत्तर होय असेल तर त्याला औषध आहे. आणि नैराश्य असलेला माणूस कामावर परतला तरी टिकत नाही.

दुसरं वर्ष

टिकण्याचा हा मुद्दा डेन्मार्कच्या नोंदींमधून फार स्पष्ट झाला. पहिल्या झटक्याआधी नोकरीत असलेले, तीस ते पासष्ट वयाचे २२,३९४ लोक. त्यांतले ९१ टक्के वर्षभरात कामावर परतले. बहुतेक अभ्यास इथेच थांबतात. या संशोधकांनी पुढे पाहिलं: परतलेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा पुढच्या एका वर्षात पुन्हा कामातून बाहेर पडला होता. हृदयाची ताकद घटलेले, मधुमेही, नैराश्य असलेले आणि कमी शिकलेले त्यात जास्त होते. हा डेन्मार्क आहे, जिथे सरकार आजारी माणसामागे उभं असतं.

कामाचा पोत काय आहे, यावरही बरंच ठरतं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये झटक्यानंतर कामावर परतलेल्या ९७२ जणांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. मागण्या भरपूर आणि हातात अधिकार काही नाही, अशा कामात जे सतत राहिले, त्यांना पहिल्या सव्वादोन वर्षांनंतर पुन्हा हृदयाचा त्रास होण्याचा धोका दुप्पट होता. त्याच लोकांच्या पुढच्या विश्लेषणात आठवड्याला ५५ तासांहून जास्त काम करणाऱ्यांचा धोकाही वाढलेला दिसला. कोणतं काम हे, ते आपल्याला सांगायला नको: टार्गेटवर चालणारी विक्री, वरून फोन आणि खालून शिव्या असलेली पर्यवेक्षकाची खुर्ची, दोन शिफ्टचा सुरक्षारक्षक.

कारखान्यातल्या कामगाराला राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय असेल, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं, आणि ठरावीक ३४ दीर्घ आजारांसाठी दोन वर्षांपर्यंत ८० टक्के. हृदयविकाराच्या काही अवस्था त्या यादीत येतात. हे ठाऊक नसल्याने कितीतरी जण बिनपगारी रजा घेतात किंवा तिसऱ्या आठवड्यात भट्टीपुढे उभे राहतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी आणि बायपास होते, २०१७मध्ये औषध लावलेल्या स्टेंटची किंमत सरकारने तीस हजारांच्या आत आणली, या मोठ्या गोष्टी झाल्या. पण रिक्षावाल्याचे बुडालेले दोन महिने कुठल्याच योजनेत बसत नाहीत. वाहन चालवण्याबद्दल ब्रिटनमध्ये लेखी नियम आहेत: यशस्वी अँजिओप्लास्टीनंतर स्वतःची गाडी आठवड्याने, बायपासनंतर चार आठवड्यांनी, बस-ट्रकवाल्याला अँजिओप्लास्टीनंतरही किमान सहा आठवडे थांबून ट्रेडमिलची परीक्षा द्यावी लागते. आपला रिक्षावाला पंधराव्या दिवशी स्टँडवर असतो, आणि त्याला दोष कसा द्यायचा?

ताकद परत मिळवायची रीतसर वाट म्हणजे कार्डियाक रिहॅब, देखरेखीखालचा व्यायाम. २०२१ साली ८५ चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा त्याने हृदयविकाराचे मृत्यू घटतात, पुन्हा भरती होणं कमी होतं, असं दिसलं. आपल्याकडे अशी केंद्रं मोठ्या शहरांत आणि तीही मोजकी. म्हणून डॉ. दोराईराज प्रभाकरन आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या २४ केंद्रांत झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर 'योगा-केअर' ही चाचणी घेतली. तीन महिन्यांत तेरा वर्ग, आसनं, श्वसन, ध्यान आणि आजाराबद्दल बोलणं. यंत्र एकही नाही. २०२०च्या निकालात झटके आणि मृत्यू ठळकपणे कमी झाले, असं म्हणता आलं नाही. पण योग करणाऱ्यांना आपली तब्येत जास्त चांगली वाटत होती आणि झटक्याआधीची आपली कामं ते जास्त प्रमाणात करू लागले होते. योगाला चमत्कार म्हणणाऱ्यांना हा निकाल तोकडा वाटेल. तालुक्याच्या गावात सतरंजीवर होऊ शकणाऱ्या गोष्टीने एवढं साधलं, हे मला कमी वाटत नाही.

काही जणांनी परत जाऊही नये. ईएफ फार कमी आहे, काम जिवावर उठणारं आहे, निवृत्तीला दोनच वर्षं आहेत आणि घर चालेल एवढं आहे, तर स्वेच्छानिवृत्ती हा चांगला निर्णय असू शकतो. फक्त तो रुग्णालयातून आल्यावरच्या पहिल्या महिन्यात घेऊ नये. तेव्हा छातीचं हाड जुळायचं असतं, औषधांची मात्रा बसायची असते, झोप लागत नसते आणि घरातले सगळे कुजबुजत बोलत असतात. अर्ज लिहूनच झाला असेल तर तो टेबलाच्या खणात ठेवावा, तिसऱ्या महिन्यात इको आणि टीएमटी करून घ्यावी, किती मेट भरले ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावं, आणि मग खण उघडावा.